बैठक

मराठीत स्वावलंबनाची प्रतिमा उभे राहण्याची आहे. माणूस स्वतःच्या पायांवर उभा राहतो, पाय रोवतो, दुसऱ्याच्या पाठीशी उभा राहतो. परंतु या भाषेने बसण्यालाही तितकाच मान दिला आहे. विचाराला बैठक लागते, गाण्याची बैठक होते, आणि पंगतीत मांडी घालून बसणे ही आपल्या माणसांत सामावले गेल्याची खूण ठरते. उकिडवे बसून चूल पेटवणे, खुरपणी करणे, देवळात अनवाणी जाणे या गोष्टी इतक्या अंगवळणी पडलेल्या असतात, की त्या गमावेपर्यंत त्यांचे मोल जाणवत नाही.

जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयातील अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी (१९२७–२००८) यांच्या संशोधनाला या जाणिवेचा आधार होता. पाय गमावलेल्या रुग्णाला त्या काळी पाश्चात्त्य धर्तीचे कृत्रिम पाऊल बसवले जाई. त्याचा घोटा न वळणारा होता, टाच तेवढी मऊ होती, आणि ते बुटात झाकण्याच्या हेतूनेच घडवलेले होते. खुर्चीवर बसणाऱ्या समाजाला ते पुरेसे होते. भारतीय खेड्यातला रुग्ण मात्र ते काही काळाने टाकून देई आणि पुन्हा कुबड्या जवळ करी. याचा दोष रुग्णाच्या अडाणीपणावर ढकलणे सोपे होते. सेठींना तो रचनेतच दिसला. हालचाल म्हणजे केवळ चालणे, हे गृहीतच अपुरे होते.

उत्तराला आकार दिला तो रामचंद्र शर्मा या कसबी कारागिराने. त्यांचे शालेय शिक्षण बेताचे होते; हातांची जाण मात्र असामान्य होती. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात या दोघांच्या प्रयत्नांतून लाकूड, स्पंजासारखे रबर आणि वर व्हल्कनाइज केलेल्या रबराचे आवरण असे पाऊल सिद्ध झाले. ते घोट्याशी वळे, खडबडीत जमिनीशी जुळवून घेई, चिखलात भिजले तरी चाले, आणि बुटावाचून पावलासारखेच दिसे. १९७५ साली जयपुरात स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने ते गरिबांपर्यंत विनामूल्य पोहोचवले. १९८१ च्या अपघातानंतर पाय गमावलेल्या सुधा चंद्रन हेच पाऊल लावून १९८४ मध्ये पुन्हा रंगमंचावर नाचल्या.

१९८१ चा मॅगसेसे पुरस्कार सेठींना मिळाला. त्यात अनुचित काही नव्हते. तथापि शास्त्राच्या इतिहासात पदवीचे नाव ठळक उमटते आणि हाताचे नाव फिके राहते, हेही खरे. प्रश्न ओळखणारी बुद्धी आणि तो सोडवणारा हात यांपैकी एकावाचून दुसरे येथे निष्फळ ठरले असते.

हा प्रश्न जयपूरपुरता मर्यादित नाही. झिजलेल्या गुडघ्याच्या जागी धातू व पॉलिथिलीनचा सांधा बसवला, की वेदना शमते, चालणे सुधारते. परंतु मांडी घालू नका, उकिडवे बसू नका, असा सल्ला आजही अनेक रुग्णांना मिळतो. सांधा किती अंशांत वाकतो, हे मोजता येते. पंगतीतल्या पाटावरून उठून भिंतीकडेच्या खुर्चीवर गेलेल्या वृद्धेने काय गमावले, ते त्या मोजमापात येत नाही. अस्थिशास्त्राने तिचीही गणना करावी, ही अपेक्षा अवाजवी नव्हे. सेठी आणि शर्मा यांनी ती एकदा केली होती.