दोन मोर, एक हरीण आणि गिरनारची वाट

गिरनार म्हटलं की मराठी माणसाला आधी दत्तगुरू आठवतात आणि लगेच पायऱ्या. जवळजवळ दहा हजार. मध्यरात्री चढायला सुरुवात, हातात काठी आणि उतरताना बोलायला लागणारे गुडघे. २०२० साली अंबाजीच्या टप्प्यापर्यंत रोपवे झाला, त्यामुळे आता निम्मा त्रास वाचतो. पण आज मी तुम्हाला शिखरावर नेणार नाही. जुनागढ गावातून भवनाथ तळेटीकडे जाताना, दामोदर कुंडाच्या अलीकडे, रस्त्यालगत एक बैठी इमारत लागते. रिक्षावाले तिथे आपणहून थांबत नाहीत. तुम्ही थांबायला सांगा.

आत आहे फक्त एक भला मोठा खडक. इमारत त्याच्या रक्षणासाठी नंतर बांधलेली. या खडकावर सम्राट अशोकाचे १४ लेख कोरलेले आहेत, ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकातले. त्यानंतर इसवी सन १५०च्या सुमारास क्षत्रप राजा रुद्रदामनने इथल्या सुदर्शन तलावाचा फुटलेला बांध दुरुस्त केल्याचं याच खडकावर लिहून ठेवलं. पुढे स्कंदगुप्ताच्या काळात बांध पुन्हा फुटला, पुन्हा दुरुस्ती झाली आणि पुन्हा लेख. एकच दगड, तीन राजे, जवळपास ७०० वर्षं. तलाव आज नाही, दगड आहे.

अक्षरं ब्राह्मी आहेत, त्यामुळे आपल्याला वाचता येत नाहीत. जेम्स प्रिन्सेपने १८३७च्या सुमारास ही लिपी उलगडेपर्यंत कोणालाच येत नव्हती. आणि एक मजेची गोष्ट. याच जुनागढमध्ये जन्मलेल्या भगवानलाल इंद्रजींनी पोरवयात या खडकावरची अक्षरं वाचायला शिकून घेतली, पुढे मुंबईला येऊन डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याबरोबर काम केलं आणि १८८२ साली आपल्या नालासोपाऱ्यात अशोकाच्याच एका लेखाचा तुकडा शोधून काढला. विरार लोकलमध्ये लटकणाऱ्या माणसाचाही या दगडाशी संबंध आहे तो असा.

आता मुद्द्याचं. पहिल्याच लेखात अशोक स्वतःच्या मुदपाकखान्याबद्दल बोलतो. सम्राटाने प्रजेला उद्देशून दगडावर काय कोरावं? जिंकलेल्या लढाया, बांधलेले महाल. हा सांगतो की पूर्वी माझ्या स्वयंपाकघरात कालवणासाठी रोज लाखो प्राणी मारले जात. आता हा लेख कोरताना फक्त तीनच मारले जातात. दोन मोर आणि एक हरीण. त्यातलं हरीणही रोज नाही. आणि पुढे हे तीनही मारले जाणार नाहीत.

पुन्हा वाचा. 'मी सोडलं' असं तो म्हणत नाही. 'तीन उरलेत' म्हणतो. ती 'लाखो'ची संख्या अक्षरशः घेण्यासारखी नसेल, पण तीन हा आकडा कोणी उगाच फुगवून सांगत नाही. एवढा मोठा राजा आपलं अर्धवट राहिलेलं काम चारचौघांत, कायमचं टिकेल अशा जागी लिहून ठेवतो, हे मला फार आवडतं. त्या लेखात मोराला 'मोरा' असा शब्द आहे. सव्वादोन हजार वर्षांनी आपण तोच पक्षी जवळपास त्याच नावाने ओळखतो.

हे मला का भिडलं तेही सांगते. मी मासे खाणाऱ्या घरातली मुलगी. दोन वर्षांपूर्वी मटण आणि चिकन सोडलं तेव्हा घरात पहिला प्रश्न आला, "डॉक्टरांनी सांगितलंय का?" दुसरा आत्याचा, "माळ घातलीस की काय?" तिसरा चुलतभावाचा, "गुजराती मुलाशी जमलंय वाटतं!" आपल्याकडे मांसाहार सोडायची ही तीनच कारणं लोकांना पटतात. आजार, देवधर्म आणि सासर. 'एका जिवाला माझ्या जेवणासाठी मारू नये असं मला वाटलं' हे चौथं कारण सांगितलं की समोरचा अजून काहीतरी ऐकू येईल म्हणून वाट बघत राहतो.

आणि तरी सगळं एकदम सुटलं नाही. पुढचे आठ महिने सुरमई आणि कोळंबी चालूच होती. माझे दोन मोर आणि एक हरीण म्हणा हवं तर. 'मासे चालतात आणि कोंबडी नाही, हे कुठलं तत्त्व?' असं मैत्रिणी विचारायच्या. प्रश्न बरोबरच होता. पण अर्धं सुटलं म्हणजे काहीच सुटलं नाही, असं हा खडक तरी म्हणत नाही.

तिथून बाहेर आलात की मान वर करून डोंगराकडे बघा. रोपवेतून अंबाजीला पोहोचलात की तिथून बऱ्याच पायऱ्या खाली, आणि पायी चढलात तर चार हजार पायऱ्यांच्या आसपास, जैन मंदिरांचा समूह लागतो. त्यातलं मोठं देऊळ बाराव्या शतकातलं, बाविसाव्या तीर्थंकरांचं, म्हणजे नेमिनाथांचं. जैन परंपरेत त्यांची कथा अशी सांगतात. नेमिकुमार यादवकुळातले, श्रीकृष्णाचे चुलतभाऊ. उग्रसेनाच्या मुलीशी, राजुलशी, लग्न ठरलेलं. वरात वाजतगाजत निघाली आणि वाटेत त्यांना कोंडलेल्या जनावरांचा ओरडा ऐकू आला. त्यांनी सारथ्याला विचारलं, "ही जनावरं कशासाठी?" सारथी म्हणाला, तुमच्याच लग्नाच्या जेवणावळीसाठी. नेमिकुमारांनी रथ फिरवला. लग्न मोडलं. ते गिरनारावर गेले ते परत न येण्यासाठी. राजुलही त्यांच्या मागोमाग दीक्षा घेऊन डोंगर चढली. तिच्या नावाची गुंफा तिथे दाखवतात.

कथेतला वैराग्याचा भाग मोठा आहे, तो माझ्या आवाक्यातला नाही. मला त्यातला फक्त सारथ्याला विचारलेला प्रश्न जवळचा वाटतो. वरातीतल्या प्रत्येकाने तो ओरडा ऐकला असणार. बँडच्या आवाजात आपणही बरंच काही ऐकतो. विचारत मात्र नाही. (राजुलला कोणी काही विचारलं का, हा माझा वेगळा प्रश्न आहे.)

जुनागढला रेल्वेने येत असाल तर मुंबई किंवा पुण्याहून वेरावळला जाणाऱ्या गाड्या राजकोटवरून येतात. परतताना राजकोटला अर्धा दिवस उतरा. गांधीजी ज्या शाळेत शिकले तिथे आता त्यांचं संग्रहालय आहे. याच गावात त्यांनी लहानपणी नदीकाठी, मित्राच्या आग्रहाने, लपूनछपून बकऱ्याचं मांस खाल्लं होतं. इंग्रज मांस खातात म्हणून बलवान आहेत, असं तेव्हा मुलांना वाटायचं. त्या रात्री पोटात बकरं ओरडतंय असं त्यांना वाटत राहिलं. तरी त्यानंतरही वर्षभरात काही वेळा ते मांस खाल्लं गेलं. शेवटी थांबले ते बकऱ्यासाठी नाही, आईवडिलांशी खोटं बोलावं लागत होतं म्हणून. पुढे १८८८ साली विलायतेला जाताना आईसमोर मांस न खाण्याची शपथ घेतली. म्हणजे अजूनही निर्णय आईचाच! लंडनमध्ये हेन्री सॉल्ट यांचं शाकाहारावरचं पुस्तक वाचल्यावर आपण स्वतःच्या विचाराने शाकाहारी झालो, असं त्यांनी आत्मकथेत सांगितलंय. शाकाहारी घरात जन्मलेल्या माणसालाही शाकाहार नव्याने निवडावा लागला. खाणं तेच राहिलं, पण ते आता त्याचं स्वतःचं झालं.

निवडणं आणि लादणं यातला फरकही याच सौराष्ट्रात दिसतो. इथून भावनगरकडे गेलात तर पालीताणा लागतं, शत्रुंजय डोंगरावरच्या शेकडो मंदिरांचं गाव. २०१४ साली जैन साधूंनी उपोषण केलं आणि सरकारने तिथे कत्तल व मांसविक्रीवर बंदी आणली. यात्रेकरूंच्या भावनेचा विचार झाला, पण त्याच गावात मासे विकून घर चालवणारी माणसंही होती. मला तो मार्ग पटत नाही. शाकाहारी नाही म्हणून घर भाड्याने न मिळालेले लोक तुमच्याही ओळखीत असतील. त्यात प्राण्याबद्दल दया किती आणि शेजाऱ्याबद्दल तुच्छता किती, हे ज्याचं त्याने तपासावं. अशोकानेही प्राणी वाचवण्यासाठी नियम केले होते. पण दिल्लीत फिरोजशाह कोटल्यावरच्या स्तंभावर तोच कबूल करतो की नियमांनी थोडंच साधलं, मन वळवण्याने जास्त. आणि गिरनारच्या खडकावरचा बारावा लेख तर सांगतो की आपल्या पंथाची फुशारकी आणि दुसऱ्याच्या पंथाची निंदा करताना जिभेला आवर घाला. पहिला लेख वाचून आलेला माझ्यासारखा नवा शाकाहारी बारावा लेख वाचल्याशिवाय बाहेर पडू नये, असा तिथे नियम हवा. नाही, नियम नको.

घरी रविवारी अजूनही मासे होतात. आई काही बोलत नाही, फक्त माझ्यासाठी काळ्या वाटाण्याची आमटी वेगळ्या पातेल्यात ठेवते. बाबा पानावर बसले की एकदा तरी म्हणतात, "बघ हं, आज कोळंबी ताजी आहे." मी "हो का" म्हणते. एवढंच चालतं.

जुनागढमध्ये जेवायचं म्हणाल तर काठियावाडी थाळी घ्या. बाजरीचा रोटला, वांग्याचा ओळो, शेव-टमाट्याचं शाक, लसणाची झणझणीत चटणी आणि ताक. तीन दिवस हेच जेवूनही मला कंटाळा आला नाही. रोटल्यावर लोणी येतं. ते ज्या म्हशीचं, तिच्या रेडकाचं पुढे काय होतं, हा प्रश्न तिथेच माझ्या ताटात आला. त्याचं उत्तर मी अजून दिलेलं नाही. लोणी खाल्लं. माझ्या यादीत सध्या ते उरलंय.

आणि गिरनारच्या जंगलात सिंह आहेत, हे विसरू नका. जंगलातल्या वाटेने एकटं फिरायला जाऊ नका. त्यांच्यासाठी अशोकाने काही लिहिलेलं नाही.