सातातलं एक घर

मांजर पिल्लांना सात घरं फिरवते आणि मगच त्यांचे डोळे उघडतात, हे मी निपाणीत लहानपणी ऐकलं आणि लग्नानंतर खासबागेत पुन्हा ऐकलं. निपाणीत सांगणारी मराठीत सांगायची, खासबागेतली कानडीत. आकडा मात्र दोघींचा एकच. डोळे खरं तर सातव्या दिवसापासून दोन आठवड्यांच्या आत केव्हाही उघडतात, घरं कितीही होवोत. आई पिल्लं हलवते ती माणसांच्या सारख्या डोकावण्यामुळं, जागेला वास सुटतो म्हणून, आणि बोक्याच्या भीतीनं. परका बोका पिल्लं मारतो, हे तिला पक्कं ठाऊक असतं. तिनं मानगुटीला धरलं की पिल्लू अंग सैल सोडतं, पाय पोटाशी घेतं आणि पत्र्यावरून, भिंतीवरून मुकाट तिच्या तोंडात लटकत जातं. सात हा आकडा खरा नसला तरी मला तो पटतो. पिल्लू एका घराच्या भरवशावर वाढत नाही, त्याला मधली घरंही लागतात, एवढं तरी त्यात मानलेलं आहे.

निपाणीत माझे वडील तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहीत. वखारीला लागूनच आमच्या दोन खोल्या. तंबाखूचा वास कपड्यांना, केसांना, अंथरुणाला. १९८१ च्या मार्चमध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूचे शेतकरी हायवेवर येऊन बसले, आणि एप्रिलमध्ये गोळीबार झाला. घरातली मोठी माणसं हळू आवाजात बोलायची, आम्हा पोरांना उंबऱ्याबाहेर सोडायची नाहीत. त्याच दिवसांत वखारीतली एक मांजर पिल्लं घेऊन आमच्यात आली आणि वाकळांच्या ढिगाआड शिरली. आईनं तो कोपरा आम्हाला बंद करून टाकला. "बाळंतीण हाय ती. तिच्या तोंडाकडं बघत बसू नगासा." दूध घरात बेताचंच, तरी संध्याकाळी एका फुटक्या बशीत दुधात कुस्करलेली भाकरी तिकडं सरकवली जायची. मग एका सकाळी वाकळांमागं कुणीच नव्हतं. मी रडून घर डोक्यावर घेतलं. आई चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. "आपल्या वाटणीचं झालं," एवढंच म्हणाली.

लग्न होऊन मी बेळगावात आले. शहापूर, वडगाव, खासबाग हा विणकरांचा पट्टा. आमच्याकडंही पुढच्या खोलीत यंत्रमाग, मागं स्वयंपाकघर, आणि मधल्या सोप्यात बसून आम्ही बायका कांड्या भरायचो. ताण्याच्या सुताला खळ लावलेली असते. ती पिठूळ असते म्हणून उंदीर येतात, आणि उंदरानं एका रात्रीत ताणा कुरतडला तर कितीतरी दिवसांची मजुरी पाण्यात जाते. त्यामुळं मागाच्या प्रत्येक खोलीत एक मांजर असायचीच. ती कुणाची नसायची आणि तिला कुणी हाकलायचंही नाही. सासूबाई तिला 'बेक्कू' म्हणून हाक मारायच्या आणि आधी तिला घालून मग स्वतः जेवायला बसायच्या. याच राज्यात, मंड्य जिल्ह्यात, बेक्कळले नावाच्या गावी मांजराला मंगम्मादेवी म्हणून पुजतात. सासूबाईंनी ते गाव पाहिलेलं नव्हतं, पण पाहिलं असतं तर त्यांना त्यात काही नवल वाटलं नसतं.

तरीही याच मायाळू गल्ल्यांतून पिल्लं पोत्यात भरून सोडून दिली जातात, आणि यावर मला बोलायचं आहे. मांजर साधारण नऊ आठवडे गाभण राहते, एका वेळी तीन-चार पिल्लं देते, वर्षातून दोनदा-तीनदा विते, आणि तिचं मादी पिल्लू पाच-सहा महिन्यांचं झालं की तेही गाभण राहू शकतं. घरात इतकी पिल्लं मावत नाहीत. मांजर मारलं तर सोन्याचं मांजर करून काशीला वाहावं लागतं, ही भीती आपल्या हाडात आहे. त्यामुळं मारत कुणी नाही. रविवारचा बाजार उठला की जिथं मासळी-मटणाचा वास असतो तिथं पोतं सोडायचं, 'पोटाला मिळेल' असं मनाशी म्हणायचं आणि मागं न बघता घरी यायचं. सोडणारी माणसं दुष्ट नसतात. माझ्या माहितीतल्या कितीतरी चांगल्या बायकांनी हे केलं आहे. पण महिन्याच्या आतबाहेरच्या पिल्लाला नुसतं अन्न पुरत नाही. पहिले तीन आठवडे तर आईनं चाटल्याशिवाय त्याला लघवीसुद्धा होत नाही. अंगातली ऊब ते एकट्यानं धरून ठेवू शकत नाही. कुत्रं आलं तर पळायचं कुठं हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. आपण जीव घेतला नाही एवढंच समाधान. तो जायचा तो जातोच, फक्त आपल्या नजरेआड.

कायद्यानं हा गुन्हा आहे. कलाक्षेत्राच्या संस्थापक, नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल राज्यसभेत गेल्या तेव्हा प्राण्यांच्या छळाविरुद्ध त्यांनी स्वतः विधेयक मांडलं, आणि त्यातून पुढं १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा झाला. प्राणी उपाशी-तहानेला राहील अशा स्थितीत विनाकारण सोडून देणं त्यात गुन्हा म्हणून लिहिलेलं आहे. पहिल्या खेपेला दंड दहा ते पन्नास रुपये. आज खासबागच्या बाजारात पन्नास रुपयांत धड पिशवीभर भाजी येत नाही. तरीही तो शब्द कायद्यात आहे याचं मला मोल वाटतं. काशीच्या सोन्याच्या मांजरानं जे सोडून दिलं होतं, ते या कायद्यानं धरलं.

कांडी मला अशाच एका रविवारी, आषाढातल्या पावसात मिळाली. बाजार उठला होता. एका हातगाड्याखाली कोबीच्या पाल्यात तांबडं-काळं-पांढरं असं काहीतरी हललं. तीन रंगांचं मांजर म्हणजे जवळजवळ नेहमी मादीच असते. तांबडा आणि काळा दोन्ही रंग यायला एक्स गुणसूत्रं दोन लागतात. मी पदर तिच्यावर टाकून उचललं तर तिनं अंगठ्यात दात रुतवले. घरी येऊन साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं हात धुतला आणि दुसऱ्या दिवशी रेबीजची सुई घेतली. ज्यांना कुणाला असं पिल्लू उचलायचं असेल त्यांनी हे टाळू नये.

मागचं धड ती ओढत होती. शेपटीची निम्मी कातडी सोलून निघालेली, आणि त्यात अळ्या. बातमी गल्लीत पसरली तशी मदत येऊ लागली. कुणी डेटॉल आणलं, कुणी गुरांच्या जखमेला लावतात ते टर्पेंटाईन, कुणी दुखणं थांबावं म्हणून क्रोसिनची अर्धी गोळी. सगळ्यांच्या मनात दया, आणि तिन्ही वस्तू मांजराला विष. मांजराचं यकृत ही द्रव्यं माणसासारखी पचवू शकत नाही. क्रोसिनमधल्या पॅरासिटॅमॉलची थोडीशी मात्राही तिचा जीव घेऊ शकते. मी फक्त उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्यानं जखम धुतली, गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून तिच्या पाठीशी ठेवली आणि कांड्यांच्या बुट्टीत तिला निजवलं. म्हणून तिचं नाव कांडी.

डॉक्टरांनी चिमट्यानं एकेक अळी काढली. एक्स-रेत कंबरेचं हाड मोडलेलं दिसलं, पण तुकडे जागेवर होते. "इथं प्लास्टर बसत नाही. हिला कोंडून ठेवा, उडी मारू देऊ नका. लहान जिवाचं हाड लवकर सांधतं." शेपटी काढावी लागणार होती, पण भूल सोसायला आधी वजन वाढायला हवं. त्यांना खरी काळजी दुसरीच होती. शेपटीला जोराचा हिसका बसला की मूत्राशयाकडं जाणाऱ्या नसाही दुखावतात, आणि लघवी तुंबली तर हाड सांधूनही उपयोग नाही. त्यांनी माझी बोटं धरून तिच्या पोटावर ठेवली. कातडीखाली छोट्या लिंबाएवढं काहीतरी ताठ लागत होतं. ते दोन बोटांत धरून, शेपटीच्या दिशेनं, सावकाश दाबायचं. जोर केला तर फुटेल, सोडून दिलं तर विष चढेल.

ते दिवस मला अजून बोटांत आठवतात. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, निजायच्या आधी. एक हात छातीखाली, दुसऱ्या हाताच्या बोटांनी आत चाचपायचं. कधी ते लगेच सापडायचं, कधी आतड्याच्या वेटोळ्यांतून निसटायचं. ती आधी ओरडायची, मग ओरडेनाशी झाली, तेव्हा मला जास्त भीती वाटली. बोटांखालचा ताठपणा हळूहळू कमी होत जायचा आणि फडक्यावर पिवळा डाग पसरायचा, तेव्हा कुठं मी श्वास सोडायची. मग मागचं अंग कोमट बोळ्यानं पुसायचं, कोरडं करायचं, कारण ओल राहिली की तिथली कातडी भाजल्यासारखी होते. एके दिवशी दुपारी बोटांना आत काहीच लागेना. मी घाबरून बुट्टीतलं फडकं उचललं, तर ते ओलं होतं. तिची तिनं केली होती. सासूबाई मागाच्या खोलीतून उठून ते फडकं बघायला आल्या.

गाईचं दूध तिला दिलं नाही. त्यानं पिल्लांना हगवण लागते. पिल्लांसाठीची दुधाची पावडर, मग शिजवून बारीक केलेलं कोंबडीचं मटण. सूत तोलायच्या काट्यावर रोज वजन. महिन्याच्या पिल्लाचं साधारण चारशे-साडेचारशे ग्रॅम भरावं, हिचं साडेतीनशेही नव्हतं. काटा सरकू लागला तशी घरातली माणसं काट्याभोवती जमू लागली. विणकराच्या घरात मांजराला एक धोका असा असतो की तो बाहेरच्याला सुचणार नाही. दोरा गिळला की त्याचं एक टोक जिभेखाली अडकतं, उरलेला आत उतरतो, आणि आतडं त्याच्यावर गोळा होत होत चिरतं. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही, तसंच दवाखाना गाठायचा. आम्ही सगळे तुटकी तारसुद्धा खिशात ठेवायला शिकलो.

मागाच्या खटखटाटात ती गाढ झोपायची. करंट गेला, माग थांबले, की दचकून डोळे उघडायची आणि कान उभे करायची. तेव्हा मला उमगलं की हिचा जन्म मागाच्याच खोलीतला. आईच्या पोटात असतानाही तिच्याभोवती हाच धक्का असणार. मग मी गल्ल्या हिंडले. पुष्कळ घरांतले माग आता भंगारात गेले आहेत. तिथं फरशी बसली, उंदीर संपले, आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथं राहिलेल्या मांजरींची गरजही संपली. एका अर्ध्या पाडलेल्या खोलीत तिच्याच रंगांची एक मांजर दिसली. तीच आई हे मी शपथेवर सांगू शकत नाही. तिचं पोट पुन्हा भरलेलं होतं. घरमालकिणीशी मी भांडले नाही. बसले, चहा घेतला, आणि तिची पिल्लं दूध तोडेपर्यंत तिथंच राहू द्या, मग तिचं नसबंदीचं ऑपरेशन मी करून आणते, एवढं ठरवून आले. ती बाई पुढं स्वतः माझ्याबरोबर दवाखान्यात आली, मांजर तिच्याच मांडीवर होती. या ऑपरेशनात पापपुण्य बघणारे मला पुष्कळ भेटतात. पोत्यात मला ते जास्त दिसतं, हे मी त्यांना सांगते आणि सांगत राहीन.

कांडीची शेपटी निघाली, जखम भरली, पहिली लस झाली. चालताना मागचं अंग जरा डावीकडं जातं, ते तसंच राहणार. घरातले सगळे म्हणाले, राहू दे आता हिला. मीही रात्री बुट्टीशेजारी बसून तेच म्हणत असे. पण आमच्या घरात माळा आहे, जिना आहे, हलते पट्टे असलेले माग आहेत, आणि मी एक जागा कायमची भरली की पुढच्या पावसात गाड्याखाली सापडणाऱ्याला जागा उरत नाही. निपाणीला वाकळांमागची जागा रिकामी झाली तेव्हा आई चुलीपुढून का उठली नाही, ते मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. ती जागा तिनं लगेच वाकळा सारून भरली नव्हती. बरेच दिवस मोकळी ठेवली होती.

मागायला तिघं आले. एकांना लहान मुलाला खेळायला हवी होती. एकांना उंदरांसाठी. तिसरे अनगोळचे, बस डेपोतून निवृत्त झालेले काका, सायकलवरून एकटेच आले. त्यांनी तिला उचललं नाही. फरशीवर मांडी घालून बसले आणि ती येईपर्यंत माझ्याशी बोलत राहिले. घर बैठं आहे, जिना नाही, मागच्या दारी जाळी बसवून घेतो, असं त्यांनी न विचारता सांगितलं. मग हळूच म्हणाले, "पायात जरा वाक आहे म्हणता, तर वाळूचं तबक मी बुटकं घेऊ काय?" मी आत जाऊन तिच्या लसीचं कार्ड आणलं. सहा महिन्यांची झाली की ऑपरेशन, दुसरी लस अमुक तारखेला, रेबीजची त्यानंतर. सगळं त्यांनी वहीत कानडीत उतरवून घेतलं.

तिचं नाव आता गंगव्वा आहे. परवा काकांचा फोन आला, आवाजात काळजी होती. रात्री ती आपली आपण खाटेवर चढून त्यांच्या पायाशी झोपली होती. चालेल का? खाट किती उंच, मी विचारलं. त्यांनी फोन खाली ठेवला, मोजून आले, दीड फूट म्हणाले. चालेल, म्हटलं, पण उतरताना पाय घसरू नये म्हणून खाली एक पोतं अंथरा.