लखलखीत व खरखरीत

आपल्या घरांतून वस्तूची परीक्षा बहुधा तिच्या झळाळीवरून होते. समई, तांब्याचा हंडा, देवाचीं उपकरणीं चिंच लावून आरशासारखीं घासलीं म्हणजे गृहिणीच्या दक्षतेबद्दल चार माणसें चांगलें बोलतात. आणि एखाद्या भांड्यावर काळसरपणा दिसला तर घासणारानें अंगचोरी केली असावी असा तर्क तात्काळ निघतो. परंतु पितळेच्या पातेल्यांस कल्हई लावून घेण्याची चाल ज्या घरांतून होती, तेथील वडील माणसांस एक गोष्ट अनुभवानें ठाऊक होती. कल्हई ही शोभेकरितां नसते. ताक किंवा आमटी कळकूं नये याकरितां असते, आणि म्हणूनच ती भांड्याच्या आंतल्या अंगास लावावयाची असते. तात्पर्य, वस्तूच्या पृष्ठभागावर कोणता संस्कार करावा, हें त्या पृष्ठभागाचा संबंध कशाशीं येणार आहे यावरून ठरतें. या साध्या तत्त्वाचा प्रत्यय आम्हांस गेल्या वर्षीं अगदीं निराळ्या प्रसंगीं व निराळ्या धातूच्या बाबतींत आला. तशी वेळ कोणत्याही कुटुंबावर येऊं शकते, म्हणून तो अनुभव वाचकांपुढें मांडीत आहों.

आमचे थोरले बंधु, ज्यांस घरांत आम्ही सर्व धाकटीं भावंडें दादा म्हणतों, त्यांच्या खालच्या जबड्यास डाव्या बाजूला गांठ झाली. ती प्राणघातक जातीची नसली तरी हाड पोखरीत जाणारी होती. त्यामुळें जबड्याचा तेवढा भाग काढून टाकण्यावांचून गत्यंतर नाहीं, असें शस्त्रवैद्यांनीं सांगितलें. काढलेल्या भागाच्या जागीं पायाच्या नळीशेजारचें बारीक हाड बसवावयाचें, आणि तें जागच्या जागीं धरून ठेवण्यासाठीं दादांच्याच मापाची टायटॅनियम धातूची पट्टी करवून घ्यावयाची, अशी योजना होती. सीटी स्कॅनवरून संगणकावर जबड्याची आकृति काढतात, तिच्यावर पट्टी बेततात, आणि मग धातूची बारीक भुकटी लेसर किरणांनीं थरावर थर वितळवून ती पट्टी घडवितात. शिंप्यानें अंगाचें माप घेऊन अंगरखा बेतावा तसाच हा प्रकार. फरक एवढाच कीं येथें उसवून पुन्हां शिवण्याची सोय नाहीं.

पट्टी करावयास देण्यापूर्वीं ती तयार करणाऱ्या कारखान्याचा एक तरुण इंजिनिअर नमुन्यांची पेटी घेऊन शस्त्रवैद्यांच्या खोलींत आला. पेटींत धातूचे चार तुकडे होते. एक आरशासारखा लखलखीत, दुसरा करड्या रंगाचा व हातास खरखरीत लागणारा, तिसरा निळा आणि चौथा सोनेरी. दादांच्या चिरंजीवानें पाहतांक्षणीं पहिला तुकडा उचलला व तो म्हणाला, "डॉक्टर, खर्चाचा विचार करूं नका. बाबांना अशीच पट्टी बसवा." वहिनींनीं दुसरा तुकडा बोटानें चांचपून पाहिला. त्यांच्या मुद्रेवर शंका स्पष्ट उमटली. "अहो, ही तर अर्धवट घडलेली दिसते," त्या इंजिनिअरास म्हणाल्या. "असली खरबरीत वस्तु माणसाच्या तोंडांत ठेवायची?" त्यावर तो तरुण हसून म्हणाला, "काकू, ती अर्धवट नाहीं. उलट, ती मुद्दाम तशी करावी लागते."

वहिनींची शंका आमचीही शंका होती. संमतिपत्रावर सही करावयाची ती आम्हां सर्वांच्या विचारानें. आणि एकदां बसविलेली पट्टी बदलावयाची म्हणजे दादांस दुसऱ्यांदा त्याच दिव्यांतून जावें लागणार. म्हणून त्या दिवशीं व त्यानंतरच्या आठवड्यांत आम्हीं या विषयाची होईल तितकी माहिती करून घेतली.

टायटॅनियमचा शोध इंग्लंडमधील कॉर्नवॉल परगण्यांत विल्यम ग्रेगर या धर्मोपदेशकास १७९१ सालीं काळ्या वाळूंत लागला, आणि १७९५ मध्यें क्लाप्रोथ या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें त्यास हें नांव दिलें. आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर जी काळी वाळू सांपडते, तिच्यांतही हाच धातु इल्मेनाइट या खनिजाच्या रूपानें असतो. मात्र वाळूंतून शुद्ध धातु काढणें फार कठीण. तो व्यापारी प्रमाणावर मिळूं लागला तो विल्यम क्रोल याच्या १९४० सालच्या पेटंटानंतर. वजनानें पोलादाच्या सुमारें पांच-नवमांश, बळानें त्याच्या तोडीचा, असा हा धातु आहे. परंतु शरीरास तो मानवतो याचें कारण वेगळेंच आहे. लोखंडावर गंज चढतो तो पोपडे होऊन गळत जातो व खालचें लोखंड पुन्हां उघडें पडतें. टायटॅनियमवर हवा लागतांच भस्माचा जो पापुद्रा बसतो, तो मिलिमीटरच्या एक लक्षांशाहूनही पातळ असतो. पण तो अंगास घट्ट चिकटून राहतो आणि ओरखडा उठला तर लगेच नवा धरतो. रक्ताची व लाळेची गांठ पडते ती या पापुद्र्याशीं, खालच्या धातूशीं नव्हे.

हाडाचें व या धातूचें सख्य प्रथम ओळखलें तें स्वीडनमधील ब्रोनेमार्क यांनीं. १९५० नंतरच्या दशकांत सशाच्या हाडांत बसविलेल्या टायटॅनियमच्या नळ्या त्यांस प्रयोग संपल्यावर काढतां येईनात. हाड त्यांस जडून गेलें होतें. त्या अडचणींतून त्यांनीं उपाय शोधला, आणि १९६५ मध्यें पहिल्या रुग्णाच्या जबड्यांत टायटॅनियमचे खिळे बसवून त्यांवर दांत उभे केले. ते आरंभीचे खिळे लेथवर नुसते कातलेले होते. पुढील संशोधनांत असें आढळून आलें कीं, पृष्ठभाग थोडा खरखरीत असेल तर हाड अधिक लवकर व अधिक घट्ट धरतें. हा खरखरीतपणा १ ते २ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शाच्या एकदोन पट, इतका असावा असें सामान्यतः मानतात. याच्या उलट, हिरडीतून तोंडांत डोकावणाऱ्या भागावर खरखरीतपणा असेल तर त्यांत जंतूंचा थर सांचतो. म्हणून तेथें तो सुमारें ०.२ मायक्रॉनच्या आसपास राखतात. भिंतीस गिलावा धरावा म्हणून गवंडी तिला आधीं टोंचे मारतो, पण देवघराची फरशी मात्र घोटून घेतो. तसेंच हें आहे.

आतां हे दोन्ही प्रकार साधतात कसे, तें सांगतों. लेसरनें घडविलेल्या पट्टीवर अर्धवट वितळलेले भुकटीचे कण चिकटून राहिलेले असतात. ते शरीरांत सुटतां कामा नयेत, म्हणून प्रथम कुरुंदाच्या वाळूचा जोरदार फवारा मारून पट्टी साफ करतात. फवाऱ्यानें धातूवर बारीक खळगे पडतात, पण वाळूचे कांहीं कण त्यांत रुतूनही बसतात. तेव्हां हाडाशीं लागणारा भाग पुढें मिठाच्या व गंधकाच्या तेजाबाच्या ऊन मिश्रणांत बुडवितात. तेजाब रुतलेले कण सोडवितें आणि मोठ्या खळग्यांच्या पोटांत आणखी सूक्ष्म खळगे कोरतें. जो तुकडा आम्हांस अर्धवट वाटला, त्याचा जन्म असा दुहेरी संस्कारानें झाला होता. घोटण्याचें काम याहून वेगळें व कष्टाचें. हा धातु उष्णता लवकर वाहून नेत नाहीं व हत्यारास चिकटतो. घाईनें घासल्यास तापून त्याचा पृष्ठभाग ओढला जातो. त्याची बारीक धूळ पेट घेणारी असल्यानें कारागिरास तेंही सांभाळावें लागतें. शेवटीं शोऱ्याच्या तेजाबांत धुऊन हत्यारांचा लागलेला लोखंडाचा अंश काढून टाकतात.

निळ्या तुकड्याची मौज अधिक होती. तो रंग लावलेला नव्हताच. पट्टी द्रावणांत धरून तींतून विजेचा प्रवाह सोडला म्हणजे वर सांगितलेला पापुद्रा जाड होतो, आणि साबणाच्या फुग्यावर दिसतात तसे प्रकाशाचे रंग त्यावर उमटतात. द्रावणाप्रमाणें कमीअधिक फरक पडतो. पण सामान्यतः २० ते ३० व्होल्टला निळी, ५० ते ६० ला पिवळी आणि ९० च्या पुढें हिरवी छटा येते. खरा तांबडा रंग मात्र या रीतीनें येत नाहीं. शस्त्रक्रियागृहांत याचा उपयोग शोभेसाठीं नव्हे तर ओळखीसाठीं होतो. निरनिराळ्या जाडीच्या स्क्रूंस निरनिराळे रंग दिले कीं मदतनिसाचा हात चुकत नाहीं. सोनेरी तुकड्यावर टायटॅनियम व नत्रवायु यांच्या संयुगाचा कांहीं मायक्रॉन जाडीचा अति कठीण लेप होता. घर्षण सोसावें लागणाऱ्या हत्यारांस तो योग्य. दादांच्या जबड्यास त्याचें प्रयोजन नव्हतें. याशिवाय हाडांतल्याच खनिजाचा लेप देण्याचीही रीत आहे. २०११ सालीं नेदरलंड्समध्यें ८३ वर्षांच्या एका बाईंस लेसरनें घडविलेला टायटॅनियमचा सबंध खालचा जबडा बसविला, त्यास असाच चिनीमातीच्या जातीचा लेप दिलेला होता. आणि त्याचें वजन अवघें १०७ ग्रॅम होतें. मात्र हाडाच्या खनिजाचा जाड लेप कालांतरानें सुटण्याची भीति राहते, म्हणून आमच्या शस्त्रवैद्यांनीं तो नको म्हटलें.

पुढच्या भेटींत शस्त्रवैद्यांनीं कागदावर पट्टीची आकृति काढून तिचे भाग पाडले. हाडास टेकणारी आंतली बाजू खरखरीत. गालाच्या कातडीखालीं येणारी बाहेरची बाजू व सर्व कडा घोटलेल्या. कडा तीक्ष्ण राहिली तर ती कालांतरानें कातडीस भोंक पाडते, असें त्यांनीं बजावलें. वहिनींनीं तेवढ्यावर समाधान मानलें नाहीं. "आणि गुळगुळीत भाग कोठें संपतो तें कोण तपासणार?" असें त्यांनीं विचारलें. तपासणीचा कागद पट्टीबरोबर येईल व तो आपण स्वतः पाहूं, असें आश्वासन मिळाल्यावरच त्या उठल्या. चिरंजीवांची तरी थोडी चुळबूळ चालली होती. तेव्हां दादा, ज्यांस त्या दिवसांत बोलण्याचेही कष्ट होत, हळूच म्हणाले, "अरे, आरसा भिंतीवर पुरे. तोंडांत मला नोकर हवा." सही त्यांनींच प्रथम केली.

शस्त्रक्रिया नऊ तास चालली. त्यानंतरचे दोन महिने घरांत पेज, मुगाचें कढण आणि चिंता यांवर गेले. पुढें हाड जुळत असल्याचें क्ष-किरणांच्या चित्रावरून दिसूं लागलें, आणि सहाव्या महिन्यांत दादांनीं मऊ पोळी दुधांत न कुसकरतां खाल्ली. दांत बसविण्याचें काम अद्याप व्हावयाचें आहे. तपासणी तर पुढें वर्षानुवर्षें चालूच राहील. गालावरून हात फिरविला तर पट्टी कोठें आहे हें समजत नाहीं.

ज्या कुटुंबांवर असा प्रसंग येईल त्यांस आम्ही इतकेंच सुचवितों कीं, नमुन्याच्या झळाळीवरून मत बनवूं नये आणि गप्पही बसूं नये. कोणती बाजू हाडास लागणार व कोणती कातडीस किंवा हिरडीस. ही वस्तु कायमची राहणार कीं पुढें काढावयाची. कडा कशा घोटल्या आहेत. आणि तपासणी कोणी केली, हे चार प्रश्न वैद्यांस नम्रपणें पण स्पष्ट विचारावे. यांतील दुसरा प्रश्न विशेष महत्त्वाचा. कारण पुढें काढावयाची पट्टी खरखरीत असली तर हाड तिला सोडीत नाहीं, आणि तेथें गुळगुळीतपणाच हितकर ठरतो. चांगला वैद्य अशा प्रश्नांनीं रागावत नाहीं. आमच्या घरांत ते प्रश्न विचारले ते एका गृहिणीनें, केवळ बोटाच्या स्पर्शावरून. आणि त्यांचीं उत्तरें मिळेपर्यंत ती खुर्चीवरून उठली नाहीं, हें येथें नमूद करणें आम्हांस अगत्याचें वाटतें.