दिव्याचा वाटा

दुर्बिणीवरची रात्र भर दुपारी सुरू होते. निदान माझी तरी होते: चेन्नईत, नुंगमबाक्कमच्या घरात, पंखा पूर्ण वेगात सोडून, कागदावर रकाने आखताना. दुर्बीण इथून सुमारे दोनशे किलोमीटरवर, जवादीच्या डोंगरांत कावलूरला. तिच्यावरचा वेळ अर्ज करून मिळवावा लागतो. कोणता तारा, कशासाठी, किती वेळ, हे समितीला पटवून द्यावं लागतं, आणि मग मोजक्या रात्री पदरात पडतात. त्या रात्री ढग आले तर त्या गेल्या. म्हणून तिथे जाऊन काय करायचं, याचा विचार तिथे गेल्यावर करून चालत नाही.

ताऱ्याचं नुसतं चित्र घ्यायचं असेल तर त्याचा सगळा प्रकाश एका ठिपक्यात गोळा होतो. वर्णपट घेताना तोच प्रकाश हजारो बारीक रंगछटांत विभागला जातो, आणि एकेका छटेच्या वाट्याला फार थोडा येतो. कावलूरच्या वेणू बाप्पू दुर्बिणीचा आरसा २.३४ मीटर व्यासाचा आहे. त्यावर पडलेला प्रकाश केसासारख्या एका फायबरमधून सुमारे ४५ मीटर प्रवास करून खालच्या बंद खोलीतल्या वर्णपटलेखकात उतरतो. तिथे एका नॅनोमीटरच्या शंभराव्या हिश्शाइतका फरकसुद्धा वेगळा काढता येतो. ताऱ्यात लोखंड किती, कार्बन किती, तो आपल्याकडे येतोय की लांब चाललाय, हे सगळं त्या बारीक फरकात असतं.

पहिलं काम म्हणजे क्रम लावणं. फेब्रुवारीच्या मध्यावर कावलूरला पुरता काळोख व्हायला साडेसात वाजतात आणि पहाटे सव्वापाचच्या सुमारास उजेडाची पहिली चाहूल लागते. हाताशी उरतात पावणेदहा तास. काळोख होतो तेव्हा रोहिणी डोक्यावरून नुकतीच पश्चिमेकडे कललेली असते, मृग चढत असतो. नऊच्या सुमारास दक्षिणेला अगस्त्य आपल्या सर्वांत उंच जागी येतो. पुण्याहून तो क्षितिजापासून जेमतेम १९ अंशांवर दिसतो. कावलूरहून २५ अंशांजवळ. मध्यरात्रीला मघा, आणि पहाटेला उत्तर मुकुटातला तो विलक्षण तारा, आर कोरोनी बोरिॲलिस, जो वर्षानुवर्षं शांत तेवतो आणि मग स्वतःच सोडलेल्या कार्बनच्या काजळीआड एकाएकी दिसेनासा होतो. ताऱ्यांच्या या कुळावर कावलूरच्या लोकांनी अनेक वर्षं काम केलं आहे.

पंगतीत ज्याला गाडी गाठायची असते त्याचं पान आधी वाढतात. यादीतही मावळतीकडे निघालेल्याला आधी घ्यायचं. पण तारा वर असताना घेण्यात फायदा असतो, कारण क्षितिजाकडे झुकलेल्या ताऱ्याचा प्रकाश दुपटीतिपटीने जाड हवेतून येतो आणि वाटेत त्याची निळी बाजू सर्वांत जास्त झडते. म्हणून ज्याच्या निळ्या रेषा हव्यात तो माथ्यावर असतानाच घ्यावा लागतो, मग त्यासाठी बाकीच्यांना ताटकळत ठेवावं लागलं तरी हरकत नाही. दुपारी कागदावर ही ओढाताण तासन् तास चालते. मला ती मनापासून आवडते. आकाश कसं फिरतं हे मला पुस्तकांनी शिकवलं, पण अंगात मुरलं ते या रकान्यांमुळे.

पुढचा रकाना वेळेचा. कोणत्या ताऱ्याला किती वेळ द्यायचा हे ठरवताना माझ्या घरापासून जवळच राहिलेल्या एका माणसाचा मला रोज उपयोग होतो. नॉर्मन पॉगसन १८६१ साली मद्रास वेधशाळेचे खगोलशास्त्रज्ञ म्हणून इथे आले आणि १८९१ साली मरेपर्यंत इथेच राहिले. भारतात येण्याआधी, १८५६ साली, त्यांनी ताऱ्यांच्या प्रतींना, म्हणजे तेजाच्या मोजपट्टीला, पक्कं गणित दिलं होतं: पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात शंभरपट फरक. आजही जगभर हेच चालतं. या गणिताचा अर्थ रात्रीच्या आखणीत फार कठोर होतो. एका ताऱ्याचा चांगला वर्णपट पाच मिनिटांत मिळत असेल, तर पाच प्रतींनी मंद असलेल्या ताऱ्याला तितक्याच चांगल्या वर्णपटासाठी ५०० मिनिटं लागतील. म्हणजे आठ तास वीस मिनिटं, म्हणजे जवळजवळ सगळी रात्र. शिवाय वर्णपटातला गोंगाट निम्मा करायचा तर वेळ दुप्पट देऊन भागत नाही, चौपट द्यावा लागतो. हा हिशेब मांडला की यादीतले बरेच तारे आपोआप गळतात. काही गळताना खरंच वाईट वाटतं.

पॉगसनांची वेधशाळा आता उभी नाही. कॉलेज रोडवर हवामान केंद्राच्या आवारात १७९२ सालचा ग्रॅनाइटचा खांब मात्र आहे, ज्यावर तेव्हाचं उपकरण बसवलेलं होतं. त्यावर बांधकाम करणाऱ्या मायकेल टॉपिंग यांचं नाव कोरलं आहे. त्याच वेधशाळेत चिंतामणी रघुनाथाचारी काम करत. १८६७ साली त्यांनी आर रेटिक्युली हा तारा तेज बदलतो हे शोधलं, आणि वेधांशी जुळणारं दृग्गणित पंचांग लोकांपुढे ठेवलं. आपल्याकडे केरूनाना छत्रे पटवर्धनी पंचांगासाठी तोच आग्रह त्याच दशकात धरत होते. कागदावरचं आकाश आणि डोक्यावरचं आकाश एकच असावं, एवढीच दोघांची मागणी. माझ्या रकान्यांचीही तीच आहे.

ताऱ्यांचे रकाने भरून झाले की उरतो तो भाग नवख्यांना नकोसा असतो. ताऱ्याखेरीज जे जे टिपायचं त्याची ही यादी. कॅमेऱ्याची कोरी चित्रं. साध्या पिवळ्या दिव्याची चित्रं, कॅमेऱ्याचा कोणता कण जास्त संवेदनशील आणि कोणता कमी हे कळण्यासाठी. मघेसारखा एखादा तप्त, वेगाने स्वतःभोवती गरगरणारा तारा: त्या वेगाने त्याच्या स्वतःच्या रेषा पसरून पुसट होतात, म्हणून त्याच्या वर्णपटात आपल्या हवेतल्या बाष्पाच्या रेषा स्वच्छ उठून दिसतात. समुद्रावरून येणारी दमट हवा ज्या रात्री डोंगरापर्यंत पोहोचते त्या रात्री हा तारा सोन्याच्या मोलाचा. आणि सर्वांत महत्त्वाचा, थोरियम-आर्गॉनचा दिवा. त्याच्या शेकडो रेषांची तरंगलांबी प्रयोगशाळेत आधीच मोजलेली आहे. ताऱ्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा तो टिपायचा, म्हणजे ताऱ्याच्या रेषा नेमक्या कुठे पडल्या ते सांगता येतं. रात्र थंडावत जाते तसं उपकरण अगदी सूक्ष्मसं सरकतं, म्हणून संध्याकाळी एकदा घेतलेला दिवा पहाटेपर्यंत पुरत नाही.

गेल्या हिवाळ्यात माझ्याबरोबर काम करणारी कोल्हापूरची एक विद्यार्थिनी आपली आखणी घेऊन आली. ताऱ्यांची निवड उत्तम होती, क्रमही नेटका. पण दिव्याच्या ओळी तिने निम्म्या केल्या होत्या.

"मॅडम, दर वेळी दिवा घेतला तर कॅमेरा वाचण्यातच मिनिटं जातात. सगळी बेरीज केली तर त्या वेळात अजून एक तारा बसतो."

"बसतो ना. पण मग बाकीच्यांची जागा कशावरून सांगशील?"

ती गप्प बसली. मी तिला जमखंडीची गोष्ट सांगितली. तिच्या गावापासून ते काही फार लांब नाही.

१८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाची सावली आपल्या मुलखावरून पूर्वेकडे गेली. ग्रहणाला वर्णपटदर्शक लावण्याची ती पहिलीच मोठी संधी होती. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल उपकरण मांडून बसला होता. विल्यम हर्शेलचा नातू, जॉन हर्शेलचा मुलगा. गुंटूरला फ्रान्सचे जान्सेन आणि इंग्रजांचे टेनंट. मच्छलीपट्टणला मद्रासहून गेलेले पॉगसन. काही महिन्यांची तयारी आणि हाती पाच-साडेपाच मिनिटं, तीही पावसाळ्यातली. जमखंडीला ढगांनी छळलं. ढगांच्या फटींतून हर्शेलने सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळा उपकरणात धरल्या आणि त्याला ठळक रेषा दिसल्या: तांबडी, नारिंगी, निळी. म्हणजे त्या ज्वाळा तापलेल्या वायूच्या होत्या. एवढं एकच त्या दिवसाने सिद्ध केलं असतं तरी पुरे होतं.

पण ती नारिंगी-पिवळी रेषा. हर्शेलचं मत पडलं की ती सोडियमचीच. पॉगसनांना ती सोडियमच्या जागी की जागेजवळ, हे ठामपणे म्हणता आलं नाही. सोडियमची जोडी ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर असते आणि ही रेषा होती ५८७.६ वर. फरक दीड नॅनोमीटरच्या आतला. आज माझ्या विद्यार्थिनीच्या पडद्यावर तो फरक हातभर दिसतो. पाच मिनिटांत, धावत्या ढगांखाली, थरथरत्या हातांनी तो कुणाला पकडता आला नाही, यात नवल नाही, आणि त्या माणसांचा कमीपणा तर अजिबात नाही. जान्सेनना मात्र ग्रहण चालू असतानाच सुचलं की इतक्या तेजस्वी रेषांसाठी ग्रहणाची वाट पाहायची गरज नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, लख्ख उन्हात, त्यांनी त्या पुन्हा पाहिल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये लॉकियरही तिथेच पोहोचले. आता मिनिटांचा धाक उरला नाही, निवांत मोजता आलं, आणि पिवळी रेषा सोडियमची नाही हे कळलं. ती हेलियमची होती. पृथ्वीवर हेलियम हाती लागला १८९५ साली, रॅमसेंच्या प्रयोगशाळेत.

विद्यार्थिनीने कागद परत घेतला, एक तारा खोडला आणि दिव्याच्या ओळी पूर्ववत लिहिल्या. खोडलेला तारा तिचा आवडता होता. तिच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं, आणि मला तिचं कौतुक वाटलं.

कावलूरला त्या दिव्याचं चित्र पडद्यावर उमटतं तेव्हा मी आजही दोन मिनिटं नुसती बघत बसते. काळ्या पार्श्वभूमीवर एकाखाली एक किंचित वाकलेल्या ओळी, प्रत्येक ओळीत पांढरे ठिपके, काही टपोरे, काही दिसतील न दिसतील असे. आर्गॉनचे काही ठिपके इतके प्रखर की त्यांच्या शेजारचं सगळं झाकून टाकतात. मग ताऱ्याचं चित्र येतं. त्याच ओळी, पण आता उजळ पट्ट्या, आणि त्यांत जागोजागी काळ्या खाचा. कॅल्शियमच्या के रेषेची ओळ मी आधी शोधते, ३९३.४ नॅनोमीटर, अगदी निळ्या टोकाला, जिथे प्रकाश सर्वांत कमी पोहोचतो. थंड ताऱ्यांत त्या रुंद काळ्या खाचेच्या मधोमध एक बारीकशी उजळ उठावणी असते. १९५७ साली ओलिन विल्सन आणि वेणू बाप्पू यांनी दाखवलं की ती उठावणी जितकी रुंद, तितका तारा मुळात तेजस्वी. म्हणजे एका रेषेची रुंदी मोजून ताऱ्याचं अंतर काढता येतं.

बाप्पूंचा जन्म याच शहरातला, १० ऑगस्ट १९२७. कावलूरची जागा त्यांनी निवडली, कारण तिथून दक्षिणेचं आकाश खूप खोलवर दिसतं. १९६८ साली तिथे ३८ सेंटीमीटरची पहिली दुर्बीण सुरू झाली, १९७२ साली झाइसची एक मीटरची. मोठी दुर्बीण भारतातच बनावी हा त्यांचा ध्यास होता, पण ती पूर्ण झालेली पाहणं त्यांच्या नशिबात नव्हतं. ते १९८२ साली गेले. १९८६च्या जानेवारीत तिचं उद्घाटन झालं आणि तिला त्यांचं नाव मिळालं.

आखणीच्या शेवटी मी नेहमी एक कोरी जागा सोडते. थोडी ढगांसाठी, थोडी अवचितासाठी. १९८७च्या फेब्रुवारीत शेजारच्या आकाशगंगेत, मोठ्या मॅगेलनी मेघात, अतिनवतारा फुटला. कावलूरहून तो जास्तीत जास्त आठ अंशांपर्यंत वर येतो. झाडांच्या शेंड्यांवर म्हणावं इतकाच. हवेचे सातपट थर भेदून येणारा प्रकाश. नियमाने पाहिलं तर अशा ताऱ्याला कोणी यादीत घेणार नाही. कावलूरच्या मंडळींनी घेतला. त्याचे वर्णपट मिळवले आणि त्याच वर्षी छापले.

हे वाचणाऱ्यांत भौतिकशास्त्र शिकणारे, शिकवणारे कोणी असतील तर त्यांना एक सांगणं आहे. कावलूरच्या दुर्बिणींवर वेळ मागण्यासाठी संशोधकांना अर्ज करता येतो. आपल्या सांगली-कोल्हापूरच्या, मराठवाड्याच्या, विदर्भाच्या महाविद्यालयांतून असे अर्ज जायला हवेत. मार्गदर्शक शोधा, एखादा साधा, तेजस्वी तारा निवडा आणि वेळ मागा. आणि मागताना दिव्याचा वेळ त्यात आधीच धरा.