ही क्लिप कुठली?

संस्थेच्या अमृतमहोत्सवाची फिल्म असो, शाळेची असो, नाही तर एखाद्या पतपेढीच्या वार्षिक सभेत दाखवायची. वसईत बसून अशा फिल्म जोडणाऱ्या माझ्यासारखीला स्टॉक फुटेजवाचून चालत नाही. शूटिंगला दोन दिवस मिळतात, तिसरा बजेटमध्ये बसत नाही. काम मार्चमध्ये येतं आणि स्क्रिप्टमध्ये धो धो पाऊस असतो. किनारा वरून दाखवायचा असतो आणि ड्रोनवाला त्या आठवड्यात मोकळा नसतो. मग दुसऱ्या कुणी तरी आधीच टिपून ठेवलेल्या क्लिप शोधायच्या. गेटी आहे, शटरस्टॉक आहे, 2022 मध्ये त्याच शटरस्टॉकने विकत घेतलेलं पॉन्ड फाइव्ह आहे, आणि पैसे नसतील तेव्हा पेक्सेल्स.

काम देणारे पहिला प्रश्न विचारतात, "फोर-के आहे ना?" प्रश्न रास्त आहे, पण तो माझ्या यादीत बराच खाली येतो. क्लिप समोर आली की मी आधी विचारते: ही कुठली आहे? कुठल्या महिन्यातली? कुठल्या काळातली? फिल्म बघायला बसणारी माणसं याच गावात जन्मलेली असतात. त्यांना पिक्सेल मोजता येत नसतील, पण आपला समुद्र आणि दुसऱ्याचा समुद्र त्यांना अर्ध्या सेकंदात कळतो. एकदा का त्यांनी मनात म्हटलं की "हे आपलं नाही", की पुढचं खरंही त्यांना खोटं वाटू लागतं.

पश्चिम पट्ट्यातल्या वाड्यांच्या पाण्यावरची एक फिल्म माझ्याकडे आली होती. तिच्या मध्यभागी बावखळ होतं. वसईबाहेरच्या वाचकांसाठी सांगते: बावखळ म्हणजे वाडीत खणलेलं गोड्या पाण्याचं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, जमिनीत मुरतं, आजूबाजूच्या विहिरींना आधार देतं आणि खारं पाणी आत सरकू देत नाही. केळी, पानवेली, फुलं आणि भाजीपाला यांची इथली बागायत याच पाण्यावर उभी राहिली. पुढे पंप आले, टँकर आले, इमारती आल्या आणि कितीतरी बावखळं बुजवली गेली.

स्टॉकच्या साइटवर बावखळ शोधलं तर काहीच येत नाही. "गावातलं तळं" असं शोधलं की राजस्थानच्या पायऱ्यांच्या विहिरी येतात, दक्षिणेतल्या देवळांच्या पुष्करण्या येतात, केरळचं बॅकवॉटर येतं. त्यातली एक क्लिप फारच देखणी होती. सकाळचं धुकं, हिरवं पाणी, कॅमेरा अलगद पुढे सरकतो आहे. ज्यांच्या वाडीत आम्ही शूटिंग करणार होतो त्या काकांना ती मी मोबाइलवर दाखवली. त्यांनी ती दोनदा पाहिली.

"छान आहे गं. पण चहूबाजूंनी दगडी घाट बांधलाय. हे देवळाचं तळं. आपल्या बावखळाच्या काठाला माती असते, भेंडी असते, केळी असतात. हे वसईचं म्हणून लावू नकोस."

ती लावली नाही.

उलट वसईचा किल्ला शोधला, तर बघत बसावं इतकं मिळतं. पोर्तुगिजांकडे वसई आली 1534 मध्ये आणि चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी ती घेतली 1739 मध्ये. त्यानंतरच्या पडझडीतून उरलेल्या चर्चच्या कमानी, भिंतींत रुजलेली झाडं, जिन्यावरून उतरणारं ऊन हे सगळं कॅमेऱ्याला फार आवडतं. हिंदी सिनेमांनी तो वापरला, कोल्डप्लेच्या 'हिम फॉर द वीकेंड' या गाण्याच्या 2016 मध्ये आलेल्या व्हिडिओतही तो दिसला. लग्नाआधीची फोटोशूट तिथे रोजची. पण यातल्या बहुतेक दृश्यांत किल्ला हा नुसता जुना, सुंदर, निनावी पडदा असतो. जे नजरेत भरतं त्याचं फुटेज वाढत जातं. ज्यावर माणसं जगली त्याचं कुणी काढत नाही. स्टॉकच्या बाजारातली ही उणीव मला सगळ्यात जास्त टोचते.

ठिकाण ओळखायच्या खुणा क्लिपमध्येच असतात, फक्त थांबून बघायला हवं. होडी असेल तर तिच्या नाळेवरचा नोंदणी क्रमांक वाचा. आयएनडी-एमएच असेल तर महाराष्ट्राची, जीजे असेल तर गुजरातची, केएल असेल तर केरळची. गाड्यांच्या पाट्यांवर एमएच-48 दिसलं की आपल्याच भागातली. मिठागराच्या क्लिपमध्ये क्षितिजापर्यंत भेगाळलेली पांढरी जमीन दिसत असेल तर ते कच्छचं रण. आपली मिठागरं खाडीलगतच्या काळ्या चिखलातली, बांध घातलेल्या लहान वाफ्यांची. सूर्य समुद्रातून वर येताना दिसला तर तो किनारा कोकणचा नाही, किंवा कुणी तरी सूर्यास्त उलटा फिरवला आहे. अशा वेळी लाटांकडे बघावं: फेस किनाऱ्यावरून गोळा होऊन लाटेत परत शिरताना दिसतो.

ऋतूचंही तसंच. "पावसाळ्यात मासेमारी" अशा नावाखाली भर पावसात ट्रॉलर निघालेले दाखवतात. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या दिवसांत पाचूबंदरला किंवा अर्नाळ्याला गेलात तर बोटी वर ओढून ताडपत्रीखाली ठेवलेल्या दिसतील आणि जाळी विणणारी माणसं दिसतील. जुलैच्या निवेदनावर समुद्रातली बोट चढवली की कोळीवाड्यातला प्रेक्षक हातचा गेलाच. बोंबील वलांडीवर वाळताना दिसले तर ती उन्हातली क्लिप, पावसाच्या प्रसंगात तिला जागा नाही.

काळ ओळखायला आपल्याकडे लोकलइतकं सोपं साधन नाही. पांढऱ्या-जांभळ्या गाड्या पश्चिम रेल्वेवर 2007 नंतरच्या. एसी लोकल पहिल्यांदा धावली 25 डिसेंबर 2017 ला. नव्वदच्या दशकातल्या विरार लोकलच्या गर्दीवर बोलताना मागे जांभळी गाडी शिरली, तर ती गर्दी सोसलेला माणूस पुढचं ऐकणारच नाही.

हे सगळं जुळलं की मग तंत्र. क्लिप मूळ आकारात उघडावी, दुप्पट मोठी करावी आणि पाण्याकडे बघावं. लाटा, पाऊस आणि वाऱ्यावर हलणारी सुरूची पानं यांत प्रत्येक फ्रेमला सगळंच बदलत असतं, त्यामुळे फाइल लहान करण्यासाठी केलेली काटछाट तिथेच उघडी पडते: पाण्यावर चौकोन दिसतात, पानांचा लगदा होतो. आभाळाकडे बघावं. आठ बिटच्या फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या असतात, दहा बिटमध्ये 1024. संध्याकाळचं आभाळ थोडं गडद करायला जावं, तर आठ बिटमध्ये त्याचे पट्टे पडतात. माडाच्या झावळीच्या कडेला पांढरी रेघ दिसली तर क्लिप कृत्रिमपणे धारदार केलेली आहे; ती रेघ नंतर काढता येत नाही. आधीच भडक रंगवलेल्या क्लिपपेक्षा मी फिकट, रंग न चढवलेली क्लिप घेते, कारण माझ्या कॅमेऱ्यातल्या दृश्याशी तिला जुळवता येतं.

विजेचा एक मुद्दा परदेशी क्लिप निवडताना हटकून आडवा येतो. आपल्या विजेची वारंवारता 50 हर्ट्झ, म्हणजे ट्यूबलाइट सेकंदाला शंभरदा उजळते-मंदावते. बाहेरून आलेला पाहुणा 30 फ्रेमवर, सेकंदाचा साठावा भाग शटर ठेवून आपल्या दुकानात किंवा वर्गात शूटिंग करतो, आणि भिंतीवरून करडे पट्टे सरकत राहतात. लहान प्रिव्ह्यूमध्ये ते कळत नाहीत, सभागृहाच्या पडद्यावर कळतात. शिवाय 30 ची क्लिप आपल्या 25 च्या टाइमलाइनवर टाकली की मधल्या फ्रेम गळतात आणि आडवी जाणारी होडी अडखळते. तीच क्लिप एकही फ्रेम न टाकता 25 वर चालवली तर सुमारे 17 टक्के संथ होते. पाण्याला, झाडांना हे शोभतं. चालणाऱ्या माणसांना शोभत नाही. तशीही स्टॉकमधली माणसं गरजेपेक्षा जास्तच संथ चालतात.

परवान्याबाबत एवढंच: ज्या क्लिपवर फक्त संपादकीय वापराची अट आहे, ती जाहिरातीत घेऊ नये, कितीही आवडली तरी. तिच्यातल्या माणसांनी तशी संमती दिलेली नसते. आणि अलीकडे कॉम्प्युटरने बनवलेल्या क्लिपही यादीत मिसळलेल्या असतात. मी त्यांच्यात दुकानांच्या पाट्या आणि बोटीचे दोर बघते. पाटीवरची अक्षरं देवनागरीसारखी दिसतात पण वाचता येत नाहीत, दोर कुठेच बांधलेला नसतो.

बावखळाचं शेवटी काय झालं, तर ते सापडलं त्या काकांच्याच नात्यातल्या एका घरी, कपाटावरच्या पिशवीत. लग्नाची व्हीएचएस कॅसेट, 1980 नंतरच्या दशकातली. व्हिडिओवाला वरात येण्याची वाट बघत होता आणि कॅमेरा चालूच होता. बँडवाले वाजवण्याच्या तयारीत, लाल लुगड्यातल्या बाया लगबगीने जाताना, आणि त्यांच्या मागे काठोकाठ भरलेलं बावखळ. भेंडीची सावली पाण्यावर, रहाटाचं लाकूड, पलीकडे केळीची रांग. कॅमेरा जरा हलतो, मग स्थिर होतो, एक मुलगा पाण्यात खडा टाकतो. तिथे आज इमारतीचं पार्किंग आहे.

तांत्रिक कसोटीवर ही क्लिप पहिल्याच फेरीत बाद व्हावी. व्हीएचएसची आडवी स्पष्टता जेमतेम 240 रेषांची. रंग लालसर ओघळलेले, खालच्या कडेला फाटल्यासारखी पट्टी. पण ठिकाण खरं, ऋतू खरा, काळ खरा, आणि दुसरी प्रत जगात कुठे नाही. मी तिला फार सजवलं नाही. पन्नास फील्डचे पन्नास फ्रेम करून घेतले, म्हणजे हालचाल मूळची राहते. चौकट 4:3 चीच ठेवली. अशा दृश्याला ओढून रुंद केलं की माणसं बुटकी होतात आणि डोक्यावरचं आभाळ कापलं तर झाड जातं. दोन्ही बाजूंना काळं सोडलं. ठिकाण आणि दशक खाली लिहिलं, घरच्यांची परवानगी लेखी घेतली. फिल्ममध्ये जी दोन दृश्यं वसईबाहेरची होती, त्यांच्यावर "प्रातिनिधिक दृश्य" असं स्पष्ट लिहिलं. ते लिहिल्याने फिल्मचं वजन कमी होत नाही, उरलेल्या दृश्यांवरचा विश्वास वाढतो. माझ्या मते उत्तम फुटेज म्हणजे हेच: ज्याच्याबद्दल कुठलं, कधीचं, कुणाचं हे सांगता येतं ते.

हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी 1901 मध्ये रँग्लर परांजप्यांच्या मायदेशी परतण्याचं चित्रण केलं. असं चित्रण झालं हे आपल्याला माहीत आहे, पण फीत बघायला मिळत नाही. आपल्या घरातल्या कॅसेटचं तसं होऊ देऊ नये, आणि वेळ थोडा आहे. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, 2016 मध्ये थांबली. इथली दमट हवा टेपला मानवत नाही.

म्हणून वसई-विरारच्या प्रत्येक घराला विनंती आहे. माळ्यावरच्या, कपाटातल्या लग्नाच्या आणि बारशाच्या कॅसेट खाली काढा. कॅसेटच्या खिडकीतून टेपवर पांढरी बुरशी दिसली तर कॅसेट मशीनमध्ये घालू नका, आधी जाणकाराकडून साफ करून घ्या. डिजिटल करताना पूर्ण कॅसेट उतरवा. "नुसते विधी ठेवा, बाकी काढून टाका" असं सांगू नका, कारण गाव त्या बाकीच्यातच आहे. आणि आज मोबाइलवर आपली वाडी, बंदर, मिठागर काढणाऱ्या मुलांनो, फोन आडवा धरा, वीस सेकंद हलवू नका, रंग चढवू नका, आणि फाइलच्या नावात गाव, महिना, साल लिहा.