झिजणे

रामनगरहून गोव्याकडे निघालो, की अनमोडच्या घाटात सारी भिस्त ब्रेकवर असते. गेल्या पावसाळ्यात रामनगरातच पुढच्या चाकातून धातू घासल्याचा कर्कश आवाज आला, म्हणून मोटारसायकल गॅरेजकडे वळवली.

मेकॅनिकने कॅलिपरपाशी बॅटरी धरली. “सवेदिदे,” तो आपल्या पोऱ्याला कानडीत म्हणाला, मग माझ्याकडे वळून, “पॅड पूर्ण झिजलेत, काका. असे घाट उतरू नका.” दोन मिलिमीटर जाडी उरली की पॅड बदलावेत, माझ्या एका पॅडची लोखंडी पाठ डिस्कला लागू लागली होती. चूक माझीच. पॅड झिजतात तसे टाकीतले ब्रेक ऑइल खाली जाते. ते दिसूनही मी नुसतीच वरून भर घातली होती. नव्या पॅडसाठी त्याने पिस्टन मागे सारला, तेव्हा ते ओसंडले.

ब्रेक, पॅड, पिस्टन ही नामे इंग्रजी. ‘गतिरोधक’ हा मराठी शब्द तर रस्त्यावरच्या उंचवट्याने केव्हाच पळवला! पण बोल्ट सैल करणे, पुसणे, बसवणे, आवळणे हे सारे तो मराठीतच सांगत होता. सीमाभागातली मराठी मोजताना आपण पाट्यांवरची नामे मोजतो. ही क्रियापदे कोण मोजणार?

निघताना त्याने ब्रेकची मूठ अनेकदा दाबायला लावली. पहिल्या दोन वेळा ती पोकळ गेली, मग घट्ट झाली. “पॅड बसेपर्यंत हळू,” तो म्हणाला. घाट मी दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो.