एका दिवसाचा फरक

वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी मी शेती करू लागलो असे सांगितले, तर माझे कचेरीतले जुने सोबती पोट धरून हसतील. छत्तीस वर्षे मी दुसऱ्यांच्या हिशेबाच्या वह्या तपासण्यात घालवली. जमिनीशी माझा संबंध आला तो सात-बाराच्या उताऱ्यापुरता. घरातल्या कुंड्यांना पाणी घालण्याचे खातेसुद्धा माझ्याकडे नव्हते. ते आमच्या मंडळींकडे होते. तरीही मी शेती केली, आणि अजून करतो आहे. फक्त हे शेत साताऱ्यात नाही, की कोकणातही नाही. ते टॅब्लेटच्या काचेवर आहे.

हा उद्योग मला कसा चिकटला ते सांगायचे, तर थोडे मागे जायला हवे.

२०२३ च्या पावसाळ्यात ती गेली. रात्री पाने वाढताना म्हणाली, “छातीत जरा जळजळतंय.” मी म्हटले, “पित्त असेल. उद्या सकाळी डॉक्टरांना दाखवून येऊ.” ती “बरं” म्हणाली आणि तिने ताक वाढले. ती सकाळ तिच्या वाट्याला आली नाही. पुढे डॉक्टर मला म्हणाले, “रात्री आणलं असतं तरी काय झालं असतं, सांगता येत नाही.” त्यांनी हे समजुतीसाठीच सांगितले. परंतु ‘सांगता येत नाही’ असा शेरा ज्याने आयुष्यभर कुणाच्या वहीवर चालू दिला नाही, त्याची अशा उत्तराने कशी समजूत पडावी?

मी रडलो नाही. लोकांनी माझ्या धीराचे कौतुक केले. रोज पहाटे तीनला मात्र जाग येई, आणि मग छताकडे पाहत मी तोच एक दिवस पुन्हा पुन्हा तपाशी. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. बाकी सगळ्यांनी सल्ला दिला, “मन रमवा.” हा सल्ला देणाऱ्यांची मला मोठी गंमत वाटते. मन म्हणजे काय रांगणारे पोर आहे, खुळखुळा वाजवला की रमायला? भजनी मंडळात जाऊन आलो, शब्दकोडी सोडवली, ज्येष्ठ नागरिक संघात तर दोन व्याख्यानांना पुढल्या खुर्चीवर बसून झोपलो. रात्री मात्र जागाच.

२०२४ च्या मे महिन्यात नात पुण्याहून आली. तिथल्या खोलीवर मैत्रिणींचा गलबला, म्हणून परीक्षेचा अभ्यास करायला आजोबांचे शांत घर. एका पहाटे मी दिवा लावून बसलेलो तिने पाहिला. ‘मन रमवा’ असे ती म्हणाली नाही. टॅब्लेट पुढे सरकवून म्हणाली, “आजोबा, एवढं शेत सांभाळाल का? मला अभ्यासातून वेळ नाही.”

व्हिडिओ गेम म्हणजे बंदुका, किंचाळणाऱ्या मोटारी आणि पोरांचे बिघडलेले डोळे, एवढेच मला ठाऊक. हा प्रकार निराळा निघाला. खेळाचे नाव स्टारड्यू व्हॅली. एरिक बरोन नावाच्या एका अमेरिकन तरुणाने चार-साडेचार वर्षे एकट्याने बसून तो रचला. चित्रे त्याची, संगीत त्याचे, गोष्टही त्याचीच. २०१६ च्या फेब्रुवारीत तो बाहेर पडला आणि आजवर त्याच्या चार कोटींहून अधिक प्रती खपल्या. अशा खेळांना ‘कोझी’ म्हणतात. थंडीत गोधडीत शिरल्यासारखे, असा अर्थ मी माझ्यापुरता लावून घेतला. खाणीत उतरले तर तिथे राक्षसांशी मारामारी आहे म्हणे. मी तिकडे फिरकलोच नाही.

खेळाच्या आरंभी एक कंटाळलेला कारकून टेबलाशी बसलेला दिसतो. (इथेच मी सरसावून बसलो!) मरणाच्या दारातल्या आजोबांनी पूर्वी दिलेले एक पाकीट तो उघडतो, आणि त्यांनी मागे ठेवलेल्या शेतावर राहायला जातो. पहिल्या दिवशी त्याला पंधरा पार्सनिपांचे बी मिळते. पार्सनिप म्हणजे पांढऱ्या गाजरासारखा एक विलायती कंद. मी तो जन्मात खाल्लेला नाही. पण चार दिवस रोज झारीने पाणी घातल्यावर पाचव्या सकाळी तो जमिनीतून उपटला, तेव्हा शेजारच्यांना बोलावून दाखवावा असे वाटले.

इथला एक दिवस आपल्या चौदा-पंधरा मिनिटांचा. गड्याच्या अंगात शक्ती ठरलेली. ती संपली की कुदळ ठेवावीच लागते. रात्री दोनपर्यंत अंथरुणावर गेले नाही तर गडी आहे तिथे कोसळतो आणि वर पैशांचाही भुर्दंड पडतो. जागरणाला दंड! हा नियम आमच्या घरी असता तर माझे पेन्शन कधीच संपले असते.

पण मला धरून ठेवले ते या नियमांनी नव्हे, झारीने. रोज उठायचे आणि एकेका चौकोनाला पाणी द्यायचे. रोप बोलत नाही, सांत्वन करीत नाही, धीराचे कौतुकही करीत नाही. ते नुसते तहानलेले असते. पहाटे तीनला जाग आली की पूर्वी मागचा दिवस समोर येई. आता आधी आठवे की बटाट्यांना पाणी घालायचे आहे. ज्या दिवशी खेळात पाऊस पडे त्या दिवशी पाणी घालावे लागत नसे. मग गावात हिंडून येई. तंबूत एकटा राहणारा लायनस नावाचा एक बुजरा म्हातारा आहे, त्याची रोज विचारपूस करी. तोंडाने, मोठ्याने. नात दाराआडून ऐकत असे, हे मला मागाहून कळले.

याचे शास्त्रही तिनेच मला वाचून दाखवले. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०२१ मध्ये ३,२७४ खेळाडूंची पाहणी प्रसिद्ध केली. दोन खेळांपैकी एक होता अ‍ॅनिमल क्रॉसिंग, हाही बेटावर घर करून राहायचा शांत खेळ. खेळण्याच्या वेळेची नोंद त्यांनी थेट कंपन्यांकडून घेतली, आणि अधिक खेळणाऱ्यांचे समाधान किंचित अधिक आढळले. पण पुढल्याच वर्षी सुमारे ३९,००० खेळाडू घेऊन तपासले, तेव्हा तासांमुळे भले किंवा बुरे फारसे काही होत नाही असे दिसले. आपल्या खुशीने खेळता की आतून कुणी ढकलल्यासारखे, यावर अधिक अवलंबून. वही दुसऱ्यांदा तपासून पहिल्या बेरजेला प्रश्न विचारणारी ही माणसे मला आवडली. आणि हेही सांगून ठेवतो, की मी डॉक्टरांच्या गोळ्या चालूच ठेवल्या होत्या. मन खरोखर आजारी असेल तर डॉक्टरांकडेच जावे, फ्लॉवरकडे नव्हे.

आता त्या फ्लॉवरचे सांगतो.

या खेळातला प्रत्येक ऋतू अठ्ठावीस दिवसांचा. वसंतातले पीक ग्रीष्माच्या पहिल्या सकाळी मरून जाते. फ्लॉवरला बारा दिवस लागतात. बी ८० मोहरांचे, गड्डा विकला जातो १७५ ला. सतरा तारखेला मी गल्ल्यातली सगळी शिल्लक खर्चून वीस रोपे लावली. सतरा ते अठ्ठावीस, बोटे मोजली, बरोबर बारा. अठ्ठाविसाव्या सकाळी पाहतो तो गड्डे तयार नाहीत! पेरणीचा दिवस मी मोजणीत धरला होता. तो धरायचा नसतो. पीक यायचे होते एकोणतिसाव्या दिवशी, आणि एकोणतिसावा दिवस तिथे नसतो. तरीही मी वीसच्या वीस रोपांना पाणी घातले. दुसऱ्या सकाळी शेतात काळपट वाळके बुंधे उभे होते.

पहाटेचे साडेचार झाले असतील. माझा आवाज ऐकून नात धावत आली. तिला वाटले, माझ्याच छातीत दुखते आहे.

“आजोबा, काय होतंय?”

“फ्लॉवर गेला गं,” मी म्हटले. “एका दिवसाने गेला. एका दिवसाने.”

ती वीस वर्षांची पोर. हसली नाही. माझ्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली. दहा महिन्यांचे सगळे त्या पहाटे बाहेर पडले, आणि उजाडेपर्यंत थांबले नाही. मग तिने चहा केला. कप हातात देताना म्हणाली, “वाळलेलं काढायला विळा घ्या. कुदळीने वेळ जातो.”

आम्ही दोघांनी मिळून शेत साफ केले. शिल्लक जेमतेम होती, म्हणून मिरचीचे बी घेतले. मिरची पाच दिवसांची. यावेळी पेरणीचा दिवस वगळून मी तारीख वहीत लिहिली आणि तिच्याकडून तपासून घेतली.

पुढे झोप पाचपर्यंत लागू लागली. डॉक्टरांनी गोळी अर्ध्यावर आणली. श्रेय कुणाचे, याची फोड मला करता येत नाही. गॅलरीतल्या कुंड्या तेवढ्या गेल्या होत्या, त्यातून एक गवती चहाच काय तो वाचला. त्याला आता खऱ्या झारीने पाणी घालतो.

हल्ली आठवड्यातून तीन-चार सकाळी शेतावर जातो. खेळात सध्या दुसऱ्या वर्षाचा हिवाळा चालू आहे. तिसऱ्या वर्षाच्या आरंभी म्हणे वारलेले आजोबा एका रात्री येतात, शेत पाहतात, आणि जसे सांभाळले असेल तशा मेणबत्त्या लावून जातात. नातीने हे सांगितल्यापासून मी कुंपण दुरुस्त करून घेतले आहे, आणि वहीही पहिल्या पानापासून पुन्हा तपासायला काढली आहे.